ढोरं आधीच जेवली होती

५ जानेवारी, सोमवार

अक्कांशी माझं बोलणं आजपासून बंद. त्यांना अजून ते कळलेलं नाही, कारण त्या एरवीही दिवसभरात मोजकंच बोलतात आणि त्यातलं बरंचसं जमनाशी असतं. जमना म्हणजे आमची म्हैस. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदरबाई. अख्खं गाव त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

झालं असं की सकाळी मी शेणाची पाटी उचलायला वाकले, तर त्यांनी ती माझ्या हातातून ओढूनच घेतली. "सोड ते. तुनं काम नही." मी म्हटलं, "अक्का, मला येतं." तर पाटी डोक्यावर घेऊन चालत्या झाल्या. लग्न होऊन आठ महिने झाले, तरी माझ्यावर भरवसा नाही. भुसावळजवळच्या दीपनगरच्या कॉलनीत वाढलेली, बी.कॉम. झालेली पोरगी शेण काय उचलणार, असंच त्यांना वाटत असणार. वर जेवताना न विचारता माझ्या ताटात सायीचा गोळा टाकतात. मला साय आवडत नाही. एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं.

म्हणूनच मागच्या महिन्यात मी आईला फोनवर सांगून टाकलं, की माझ्या नवऱ्यासाठी, भूषणसाठी, कुठे नोकरीचं बघ. शेतकऱ्याशी लग्न मीच हट्टाने केलं हे खरं. आई तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. नोकरीवाल्यांची स्थळं सोडून ही पाचोऱ्याजवळच्या खेड्यात गोठ्यात जाऊन बसणार, असं ती नातेवाइकांना सांगत फिरली. लग्नानंतर एकदाही या घरी आली नाही. दर वेळी काहीतरी निघतं, कधी पप्पांची शिफ्ट, कधी तिचे गुडघे. आता मीच नोकरीचं बघ म्हटल्यावर फोनवर तिचा आवाज एकदम मोकळा झाला.

तर माझं ठरलंय. म्हणजे बऱ्यापैकी ठरलंय.

८ जानेवारी, गुरुवार

आज दोन बातम्या एकदम आल्या.

पहिली. आमच्या बकरीचं नाव मॅडम, कारण ती ओल्या जागेवर बसत नाही. तिची दोन करडं खाटेवरून उड्या मारतात, त्याचा व्हिडिओ मी माहेरच्या ग्रुपवर टाकला होता. तेव्हापासून ललितदादाच्या तेजसने घर डोक्यावर घेतलंय. त्याला करडांना हाताने चारायचंय. ललितदादा पोरांना घेऊन जळगावकडे एका शेती पर्यटन केंद्रात निघाला होता, तिथे तिकीट काढून सशांना गाजर चारायला मिळतं म्हणे. काकूने ग्रुपवर लिहिलं, "आपल्या दिपमालाच्या घरी बिनतिकिटाची जनावरं असताना सशांकडे कशाला?" झालं, सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. अठरा तारखेला, रविवारी, क्रुझर गाडी करून सगळे येणार. आणि आईसुद्धा येणार!

दुसरी बातमी आईने रात्री फोनवर सांगितली, ती का येणार तीच. प्रेमराजकाकांनी धुळ्याकडच्या नरडाण्याच्या एमआयडीसीत शब्द टाकलाय. भूषणला स्टोअरमध्ये सुपरवायझरची जागा मिळेल, राहायला दोन खोल्याही. सोमवारपर्यंत हो म्हणायचं. "मी रविवारी येते ती तुझ्या सासूशी बोलायलाच," आई म्हणाली. "जनावरं बघायची हौस मुलांना. मला नाही."

भूषणला सांगितलं. तो पाण्याची पाळी लावून आला होता, पायांना चिखल. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं." मला या वाक्याचा भारी राग येतो. अरे, तुला काय वाटतं ते सांग ना! तर म्हणे, "तू कंटाळलीस तर मला इथे काय गोड लागणार आहे?" आणि पाय धुवायला गेला.

१० जानेवारी, शनिवार

भूषण आज दुपारभर नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोटर मोबाइलवरून कशी चालू करायची ते शिकवत बसला होता. नाना दर वेळी चुकीचं बटण दाबत होते आणि हा न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. एवढी काय घाई आहे कोण जाणे. इतकी वर्षं नाना विहिरीवर चालत जातातच की.

१२ जानेवारी, सोमवार

आज मी जमनाचं दूध काढलं!

म्हशीचं असं असतं की तिला एका हाताची सवय लागली की दुसऱ्याला ती पान्हा सोडत नाही. नुसती उभी राहते आणि शेपटी तोंडावर मारते. गेले तीन आठवडे मी तिच्या शेपटीचा मार खातेय. आज अक्कांनी स्वतःचं जुनं लुगडं आणून माझ्या ड्रेसवरूनच मला गुंडाळलं, डोक्यावर पदर ओढला आणि पाठीत एक धपका दिला. "बठ आते. बोलू नको." मी बसले. जमनाने वळून वास घेतला, जरा विचार केला, आणि चरवीत पहिली धार वाजली. मला एवढं हसू आलं की अक्कांनी माझं तोंड दाबलं. त्यांचं स्वतःचं पोट हलत होतं.

बोलणं बंद असल्याचं मी विसरूनच गेले. आता पुन्हा नव्याने बंद करायला काहीतरी कारण हवं.

१४ जानेवारी, संक्रांत

दिवसभर तिळाचे लाडू आणि गावभर हळदीकुंकू. अक्का प्रत्येक घरी एकच सांगत होत्या, "रविवारले मनी सूनना माहेरना येवाले शेतस." ज्यांनी विचारलंही नव्हतं त्यांनाही सांगितलं. त्यांना नेमकी कसली काळजी लागलीय काही कळत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

घरात लगीनघाई आहे. नानांनी गोठ्याला चुना मारला. चुना थोडा मॅडमलाही लागला, तर ती नानांकडे पाठ करून बसली. भूषणने लाल्या आणि पाखऱ्या या बैलजोडीची शिंगं घासली, त्यांना तेल लावलं. पोळ्याला तरी एवढं करतात की नाही, देव जाणे. अक्कांनी तांबी गायीला गरम पाण्याने धुतलं आणि तिला थंडी वाजेल म्हणून स्वतःची गोधडी पांघरली.

मी विचारलं, "अक्का, येणार माणसं. जनावरांचं एवढं कशाला?" तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत गेलेच नव्हते. म्हणाल्या, "सोयरा वना का पहिले गोठामा देखस. ढोरेस्ना फासळ्या दिसन्यात, का घरनी अब्रू गई." त्यांच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या वडिलांनीही नानांच्या घरात पाणी प्यायच्या आधी गोठा बघितला होता म्हणे. माझ्या वडिलांनी फक्त सातबारा आणि भूषणचं वजन विचारलं होतं.

संध्याकाळी दूध काढताना लुगडं गुंडाळायचं राहूनच गेलं. ड्रेसवरच बसले. जमनाने दिलं. तिचं लक्ष नसेल.

उद्या आई येणार. सगळं चांगलं दिसावं असंही वाटतं, आणि फार चांगलं दिसलं तर आई मला इथून का नेईल, असंही वाटतं. माझं मलाच कळत नाही.

१८ जानेवारी, रविवार, सकाळी

गाडी भुसावळहून निघाली. दोनच मिनिटं लिहिते. आईची नजर फार बारीक आहे. अक्का आंघोळीला गेल्यात तेवढ्यात मी गुपचूप सगळ्यांच्या गव्हाणीत हिरव्या मक्याची एकेक पेंढी टाकून आले. पोटं भरलेली दिसायला हवीत. माझ्या सासरची जनावरं मरतुकडी आहेत, असं आईने भुसावळभर सांगितलेलं मला चालणार नाही. खाल्लं मात्र त्यांनी फार निवांत. नेहमी तुटून पडतात.

१९ जानेवारी, सोमवार

कालचं सगळं आज लिहिते. काल हात लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते.

क्रुझर ओट्यापाशी थांबली. आधी पोरं सांडली, मग पिशव्या, मग काकू-काका, ललितदादा आणि वहिनी, पप्पा, आणि सगळ्यांत शेवटी आई. नवी इस्त्रीची साडी, नाकाला रुमाल. ड्रायव्हर हाशमभाई पप्पांच्या ओळखीतले. त्यांनी जाहीर केलं की दोन तासांत निघू, अंधारात या रस्त्याने गाडी चालवायला त्यांना आवडत नाही. आई म्हणाली, "दोन तास पुष्कळ झाले."

पोरांनी पिशवीभर गाजरं आणली होती, शिवाय पालक, पाव, आणि तेजसने स्वतःच्या डब्यातला मेथीचा पराठा. सगळी वरात गोठ्यात गेली. मी पुढे, छाती काढून. तेजसने लांबलचक गाजर तांबीपुढे धरलं. तांबीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. मग जमना. जमनाने तर डोळेच मिटले. लाल्या-पाखऱ्या बसलेले होते ते उठलेसुद्धा नाहीत. करडं पोटं टम्म करून एकमेकांवर झोपली होती. शेवटी सगळे मॅडमकडे गेले, कारण बकरी काहीही खाते असं ललितदादा म्हणाला. मॅडमने गाजराकडे पाहिलं आणि एक ढेकर दिली.

"लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यात का या?" आई रुमालाआडून म्हणाली.

तेजसने गाजर परत छातीशी धरलं. "त्यांना मी आवडलो नाही." भुसावळपासून तो गाजरं मांडीवर धरून आला होता म्हणे. मला तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी म्हटलं, "माझंच चुकलं, मी सकाळी जरा मका टाकला होता. एकेकच पेंढी!"

अक्का दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "अवं, मी पहाटले उठीसन पोटभर कुट्टी घाली दिधी ना!"

भूषण हळूच म्हणाला, "मी पण. उसाचं वाढं. मला वाटलं, सासूबाई पहिल्यांदा येतायत."

मग सगळे नानांकडे बघायला लागलो. नाना टोपी काढून डोकं खाजवत होते. "मी बी सरकीनी ढेप दिधी. थोडीशीच."

मग पप्पा जे हसायला लागले ते गव्हाणीला टेकून खालीच बसले. काकांना ठसका लागला. चार माणसं एका घरात राहतात, आणि आईला तोंड दाखवायचं म्हणून चौघांनी एकमेकांना चोरून त्याच जनावरांना चारलं! आईने रुमाल नाकावरून तोंडावर नेला. हसत होती की काय, दिसलं नाही.

नानांनी मात्र हुकूम सोडला. "आते बठ्ठा रवंथ करतीन. पाणीवर जाई येतीन. संध्याकाय लगून कोणी काडी बी दाखाडानी नही, पोट फुगी जाई." तेजसने विचारलं, "मग संध्याकाळी खातील?" नाना म्हणाले, "खातीन ना बेटा. तुना हातथीनच खातीन." एवढ्यावर पोरं क्रुझरमध्ये बसायलाच तयार होईनात. हाशमभाईंनी आकाशाकडे पाहिलं, नानांनी पुढे केलेली खाट बघितली, आणि चपला काढून आडवे झाले. गाजरं पोरांनीच खाल्ली.

अशी दोन तासांसाठी आलेली आई दिवसभर राहिली.

पुरुष मंडळींनी शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला घातली. बायका चुलीपाशी. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी मी थापत होते. आई शेजारी पाटावर, साडी सावरून. मध्येच तिने माझा हात धरून उलटा केला. "काय झालंय गं हातांचं." मी म्हटलं, "काय झालंय? पीठ आहे." तिने सोडून दिला. मग मी कांद्याची पात आणायला मागच्या दारी गेले, तेव्हा आतलं बोलणं ऐकू आलं. चोरून नाही ऐकलं. पात निवडायला तिथेच बसावं लागतं.

आईने अक्कांना सगळं सांगितलं. नरडाणा, सुपरवायझरची जागा, दोन खोल्या, सोमवार. "दिपूनेच मला सांगितलं होतं हो, बघ म्हणून. ती तुमच्यापाशी बोलायची नाही."

अक्कांनी भाकरी उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तिले जानं शे ना? मंग ली जा माय. मी आडी येवाव नही."

झालं, एवढंच. शेजारणीची चाळणी परत द्यावी तसं! आठ महिने मी या घरात राबतेय, आणि एकदाही "नको गं" नाही, "का गं" नाही. मला इतका संताप आला की पातीबरोबर मुळं तशीच घेऊन आत गेले. आणि मी हे लिहून ठेवते की काल भरीत खारट झालं होतं. अक्कांनी मीठ दोनदा टाकलं. त्यांचं मीठ कधी चुकत नाही. बरी जिरली, असं मी मनात म्हटलं. पण माहेरची मंडळी बोटं चाटत होती, आईने तर दुसऱ्यांदा घेतलं, म्हणून तेही समाधान मिळालं नाही.

जेवण झाल्यावर मी कुणाशी बोलले नाही. म्हणजे जनावरांशी बोलले. ऊन उतरल्यावर सगळ्यांना हौदावर नेलं, पोरं रांगेने मागे. परत येताना जमना स्वतःच गोठ्याकडे पाय उचलत निघाली, लाल्याने वाटेत कुणाच्या तरी तुरीत तोंड घातलं. म्हटलं चला, लागली भूक.

आणि मग जे झालं ते मला आयुष्यभर पुरेल. सगळा गोठा जागा झाला. तांबी हंबरतेय, करडं खाटेवर, खाटेवरून पप्पांच्या मांडीवर, तिथून काकूच्या पिशवीत. तेजसने घाबरत घाबरत पालकाची जुडी पुढे केली आणि जमनाने आपल्या खरखरीत जिभेने जुडीसकट त्याचं मनगट चाटलं. तो किंचाळला, मग हसला, मग म्हणाला, "परत!" वहिनी व्हिडिओ काढत होती, तिचा मोबाइल पाखऱ्याने हुंगला. पाव कुणीच खाल्ला नाही, तो हाशमभाईंनी चहात बुडवून खाल्ला.

एवढ्या माणसांना आवरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मीच ओरडत होते. "मुठीत धरू नका, हात सपाट! बोटं जुळवून! काकू, बैलाच्या मागून नाही, पुढून या! तेजस, सगळं तिलाच नको, तांबी गाभण आहे, तिला दे!" मध्येच जमना पोरांच्या अंगावर यायला लागली तेव्हा तिच्या मानेवर थाप मारली, "सरक तथी! बठ्ठं तुलेच पाहिजे का?" ती सरकली. मागे वळले तर आई माझ्याकडेच बघत उभी. मला वाटलं पदर घसरलाय. पदर नीट होता.

"तू वेगळंच बोलतेस गं इथे," आई म्हणाली.

"कुठे काय? नेहमीसारखंच तर बोलते."

मी तिच्या हातावर लसूणघास ठेवला, तिचा तळहात माझ्या तळहातावर सपाट धरला आणि तांबीपुढे केला. आईने डोळे गच्च मिटले. तांबीने ओठांनी हळूच, एक काडी न सांडता, सगळं उचललं. "अगंबाई," आई म्हणाली, "किती मऊ तोंड आहे हिचं." मग तिने स्वतःहून दुसरी मूठ घेतली. मग तिसरी. रुमाल कुठे पडला तिलाही ठाऊक नाही. मला वाटतं कुणीतरी खाल्ला.

दिवस कलला तसा हाशमभाईंनी हॉर्न वाजवला. सगळे गाडीत बसले. काका खिडकीतून म्हणाले, "मग उद्या साहेबांना होकार कळवून टाकू ना?" आईने अक्कांकडे बघितलं. अक्का म्हणाल्या, "हा, कळवा."

आणि माझं डोकंच फिरलं.

"कुणाला विचारून कळवा?" मी ओट्यावरूनच ओरडले. "तांबी व्यायला झालीय, तिचं पहिलं वेत, तिला सोडून मी तिकडे दोन खोल्यांत काय करू? तुमच्या साहेबांची फाइल चाटू? जमना आत्ताशी कुठे मला दूध द्यायला लागलीय. मी तिकडे गेल्यावर तिच्या शेपटीचा मार कोण खाणार? मॅडमची करडं कोण आवरणार? आणि अक्का, तुम्ही! तुम्हाला मी एवढी नकोशी झाले, तर मला तोंडावर सांगायचं होतं. मी नाही जाणार. तुम्ही घालवलंत तरी जाणार नाही!"

आणि मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर. हाशमभाईंसमोर.

अक्का आधी गोंधळून उभ्याच राहिल्या. मग भराभर ओटा चढून आल्या. "अवं माय, मी तुले काब्र घालाडसू? तुनी मायच म्हने ना, तुलेच जानं शे. तुलेच जानं शे तर मी तुना पाय धरू का?" आणि त्याच रडायला लागल्या. इतकं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मी तुले शेणले हात लावू देत नव्हती, दूधवरनी साय तुलेच ठेवत व्हती, का हाई पोरगी आठे टिको म्हनीसन..." पुढचं कळलं नाही, कारण त्यांनी माझं डोकं छातीशी इतकं दाबलं की कान बंद झाले.

कान मोकळे झाले तेव्हा आई गाडीतून उतरून ओट्याच्या पायरीवर बसली होती आणि हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो," ती पप्पांना म्हणाली, "ऐकलंत ना? आणि मी महिनाभर हिच्यासाठी साऱ्या गावाच्या पाया पडत होते." मग अक्कांना म्हणाली, "विहीणबाई, ठेवा तुमची सून तुमच्याकडे. मला नाही परवडायची ही."

काका म्हणाले, "पण मी साहेबांना काय सांगू?" पप्पा म्हणाले, "सांग, मुलगा मोकळा नाही. त्याच्या बायकोला म्हैस आहे."

या सगळ्यात भूषणचा पत्ता नव्हता. बघते तर गोठ्यात लाल्याच्या पाठीवर हात ठेवून, तोंड भिंतीकडे करून उभा. "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही, डोळ्यात चुना गेला." चुना परवाच वाळलाय.

एक लिहून ठेवते. नरडाण्याला जायचं नाही असं मी काही विचार करून ठरवलेलं नव्हतं. रागात बोलून गेले. आता एवढ्या लोकांसमोर बोलल्यावर मागे कसं फिरणार, म्हणून राहतेय.

आईचा आज फोन आला. पोचल्याचं सांगायला कालच करायचा तो आज केला. "घरी कोणाला झोपच नव्हती," म्हणाली. "तेजसने रात्री उशीलाच गाजर चारलं." मग विचारलं, "तांबी कधी व्यायची?" मी म्हटलं, होळीच्या आसपास. तर म्हणाली, "तेव्हा मी येते. चार दिवस राहायला. गुडघ्यांचं बघू काय ते."

२१ जानेवारी, बुधवार

मला वाटलंच होतं, अक्कांनी रविवारचं मनात धरलंय.

सकाळी उठून बघते तर त्या नवं लुगडं नेसून, पिशवी भरून ओट्यावर तयार. भावाकडे चालल्या, चार-पाच दिवस. मी म्हटलं, "अहो अक्का, असं अचानक? आणि गोठ्याचं?" तर म्हणाल्या, "तू शे ना." बस्स, एवढंच. ना काय कसं करायचं ते सांगितलं, ना कुणाला किती चारायचं ते. जाताना जमनाकडेसुद्धा गेल्या नाहीत, सरळ रिक्षात बसल्या. मला एकटीला या सगळ्यांच्या तोंडी देऊन!

नाना रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत उभे होते. मग म्हणाले, "भूषणना जलमपासून हाई बाई एक रात गोठा सोडीसन कथी ऱ्हायनी नव्हती. भाऊना घर बी सकायले जास, संध्याकायले परत." आणि टोपी सारखी करत, हसत हसत विहिरीकडे गेले. यात हसण्यासारखं काय होतं ते त्यांनाच माहीत. एवढ्या वर्षांत नाही गेल्या, आणि मी घरात आल्यावर बरं सुचलं!

पुढचं उद्या. जमना रेकतेय, तांबीला पाणी दाखवायचंय, आणि मदतीला हाक मारावी अशी घरात दुसरी बाई नाही.